पाया पडू न देणारा बाप : स्व-क्षमेविषयी एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गावठाणात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या आगरी गृहस्थांचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख ‘दादा’ असा केला आहे, कारण समुपदेशनाच्या खोलीतही मी त्यांना दादा म्हणत असे आणि ते मला मॅडम म्हणत.

ते स्वतःहून आले नव्हते, पत्नीने, म्हणजे पुढे ज्यांना मी वहिनी म्हटले आहे त्यांनी, आणले होते. धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते, साखरपुड्याची तारीख निघाली होती आणि दादांनी घरात सांगून टाकले होते की आपण पाटावर बसणार नाही आणि जोडप्याला नमस्कारही करू देणार नाही. वहिनींनी पहिल्याच भेटीत सांगितले की हे आजचे नाही. गेली कित्येक वर्षे सणासुदीला मुले, पुतणे, भाचे पाया पडायला वाकले की दादा पाय मागे घेतात, खुर्चीखाली दुमडतात आणि म्हणतात, ‘‘माझ्या पाया पडू नका, मी काय दिलंय तुम्हाला?’’ नवा शर्ट आणला तर तो घडी न मोडता कपाटात पडून राहतो. गुडघा इतका दुखतो की कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते, पण डॉक्टरांचा विषय काढला की ‘‘मला कशाला?’’ एवढेच उत्तर मिळते. कामावरून येताना रिक्षा सरळ रस्त्याने घरापर्यंत येऊ शकते, तरी ते मागच्या सेक्टरला उतरतात आणि शाळेच्या भिंतीकडेने चालत घरी येतात. सरळ रस्त्यावर सात मजल्यांची एक इमारत उभी आहे. वडिलांच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला भूखंड त्यांनी विकला आणि ती इमारत त्याच भूखंडावर झाली.

भूखंड

या पट्ट्यात ‘साडेबारा टक्के’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे करण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांची शेते त्यात गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना आकाराला आली. सार्वजनिक सोयींसाठी त्यातला 3.75 टक्के भाग वजा होतो, म्हणून प्रत्यक्ष हातात 8.75 टक्केच येतात, आणि तेही 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. दादांचे वडील त्या आंदोलनात गेले होते. भूखंडाची फाईल मात्र त्यांच्या हयातीत हलली नाही. इरादापत्र, म्हणजे भूखंड देण्याविषयीचे सिडकोचे पत्र, निघाले तेव्हा ते वारले होते, आणि वारस म्हणून आई, दादा आणि दोन बहिणी अशी चार नावे लागली.

त्यानंतर जे घडले ते या भागातल्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडलेले आहे. भूखंडावर स्वतः इमारत बांधण्याइतके भांडवल घरात नव्हते. एका विकासकाने रोख रक्कम पुढे केली, सिडको, वारस आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि कधी एकगठ्ठा पैसा न पाहिलेल्या घरात एकगठ्ठा पैसा आला. थोरल्या मुलीची हळद गावाने पाहत राहावी अशी झाली. दारात गाडी आली. उरलेल्या रकमेतला मोठा भाग दादांनी एका परिचिताच्या, पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत गुंतवला, आणि काही महिन्यांनी तो परिचित परागंदा झाला. गाडी विकावी लागली. आज दादा एका खासगी कारखान्यात कंत्राटी पर्यवेक्षक आहेत. आई वारली, ती या सगळ्याबद्दल एक अक्षरही न बोलता. तिच्या न बोलण्याचा अर्थ दादांनी त्यांच्या पद्धतीने लावला आणि तेव्हापासून एकच वाक्य त्यांच्या तोंडी बसले : ‘‘बाप ज्या जमिनीसाठी लाठ्या खायला गेला, ती मी विकून खाल्ली.’’

तपासणी

प्रथम धोका पाहणे आवश्यक होते. नैराश्याच्या चाचपणीसाठी 2001 पासून जगभर वापरात असलेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यातला सहावा प्रश्न असा की गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटले का, आपण अपयशी आहोत किंवा आपण घरच्यांना खाली पाहायला लावले असे वाटले का. झोप, भूक, थकवा यांच्या रकान्यांवर दादांची पेन्सिल रेंगाळली, मागेपुढे झाली. सहाव्या प्रश्नावर त्यांनी ‘जवळजवळ रोज’ या उत्तराभोवती गोल काढला आणि तो पुन्हा गिरवला. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, त्यांनी ‘काही दिवस’ असे उत्तर दिले होते. त्याविषयी मी स्पष्ट शब्दांत विचारले. योजना नव्हती, साधन जमवलेले नव्हते, पण ‘आपण नसतो तर पोरांचं बरं झालं असतं’ असा विचार येत होता. वहिनींना विश्वासात घेतले, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून औषधे सुरू केली, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर लावता यावा म्हणून ऑक्टोबर 2022 पासून देशभर चालू असलेल्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये साठवून दिला. स्व-क्षमेचे काम त्यानंतर सुरू झाले. नैराश्य अंगावर असताना माणसाला ‘स्वतःला माफ करा’ असे सांगण्याने त्याच्या यादीत आणखी एका न जमलेल्या गोष्टीची भर पडते.

दादांच्या बोलण्यात प्रथमपासून जाणवले ते हे की ते कधीच एखाद्या कृतीबद्दल बोलत नसत. ‘मी अमुक केले ते चुकले’ अशी त्यांची वाक्ये नव्हती. ‘मी नालायक’, ‘मी बापाचे नाव बुडवले’, ‘माझा जन्म फुकट’ अशी होती. शरम आणि अपराधभाव यांत मानसशास्त्र जो भेद करते, तो येथे फार उपयोगी पडतो. अपराधभाव कृतीला चिकटतो आणि शरम सबंध माणसाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसते की अपराधभाव माणसाला चूक कबूल करण्याकडे आणि भरपाईकडे नेतो, तर शरम त्याला लपण्याकडे, टाळण्याकडे आणि कधीकधी इतरांवर चिडण्याकडे नेते. दुखऱ्या गुडघ्याने रोज घेतलेला तो वळसा या लपण्याचाच भाग होता.

‘एवढे मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांनीच विकले’ असे त्यांना अनेकांनी सांगितले होते. त्याचा उपयोग झाला नव्हता, आणि व्हायलाही नको होता असे माझे मत आहे, कारण तो दिलासा अर्धाच खरा होता. म्हणून आम्ही जबाबदारीची वाटणी करायला बसलो. कागदावर एक वर्तुळ काढायचे आणि घडलेल्या नुकसानीला जे जे कारणीभूत झाले त्या प्रत्येकाला त्यात भाग द्यायचा, स्वतःचा भाग सर्वांत शेवटी काढायचा, अशी ही पद्धत आहे. दादांनी प्रथम सबंध वर्तुळात स्वतःचेच नाव लिहिले. मग हळूहळू इतर भाग पडत गेले : फसवून पळालेला परिचित, भूखंडाची फाईल रखडली ती वर्षे, इमारत बांधायला लागणारे भांडवल आणि माहिती यांचा अभाव, हळदीत हात आखडता घेतला तर गावकीत होणारी चर्चा. पुढे आम्ही पश्चात्दृष्टीच्या भ्रमाविषयीही बोललो. 1975 मध्ये बारूक फिशहॉफ यांनी प्रयोगांतून दाखवले की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीच दिसत होता असे वाटू लागते. दादा आज त्या भूखंडाचा आजचा भाव घेऊन त्या वर्षीच्या स्वतःला जाब विचारत होते, आणि त्या वर्षीच्या दादांकडे आजचा भाव नव्हता.

जो भाग उरला

एवढे सगळे वजा झाल्यावरही वर्तुळात एक तुकडा उरला. तो लहान होता, पण त्यावर बोट ठेवले की दादा गप्प होत. विक्रीच्या कागदांवर आणखी कोणाच्या सह्या होत्या, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा असल्याचे पाहून खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला. नंतर म्हणाले, ‘‘बायनी सही केली. दोघींनी केली.’’

बाय म्हणजे थोरली बहीण. हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणले, तरी बहिणीने भावाला हक्कसोड लिहून देण्याची रीत गावोगाव टिकून आहे. माहेर तुटू नये एवढ्याच मोबदल्यात या सह्या होतात. दादांच्या बहिणींनीही सह्या केल्या होत्या, पण त्यांना एक शब्द दिला गेला होता : इमारत होईल आणि दोघींना एकेक खोली मिळेल. सह्या झाल्या त्या वेळी विक्रीची बोलणी आधीच चालू होती. म्हणजे तो शब्द दिला गेला तेव्हाच पोकळ होता, आणि दादांना ते ठाऊक होते. बहिणींना विक्रीची बातमी बाहेरून कळली. तेव्हापासून दादा भाऊबीजेला थोरलीच्या घरी गेलेले नव्हते. काही ना काही कारण निघत असे.

हे प्रकरण लिहावेसे वाटले ते या टप्प्यामुळे. ज्या अपराधासाठी दादा स्वतःला वर्षानुवर्षे शिक्षा देत होते, तो ‘बापाची जमीन घालवली’ हा होता. त्यात ते काही अंशी चुकले होते आणि काही अंशी फसवले गेले होते, आणि तो दुरुस्त करण्याजोगा उरलेला नव्हता, कारण वडील नाहीत आणि त्या जागेवर आता दुसऱ्यांचे संसार आहेत. ज्या अपराधात ते निखालस चुकले होते तो बहिणींविषयीचा होता. तो दुरुस्त होण्यासारखा होता, बहिणी हयात होत्या, एका बसच्या अंतरावर होत्या, आणि नेमका तोच त्यांनी स्वतःच्याही नजरेआड ठेवला होता. ‘मी नालायक आहे’ हे वाक्य उच्चारायला जड वाटते खरे, पण ‘बाय, मी तुला खोटे बोललो’ या वाक्यापुढे ते सोपे असते. नालायक माणसाकडून कोणी हिशोब मागत नाही. स्वतःवर ओढलेला सरसकट आसूड माणसाला एका नेमक्या कबुलीपासून वाचवू शकतो, आणि पुष्कळदा आपण त्याच्या त्या यातनेला पश्चात्ताप समजून तिचा मान राखत बसतो.

स्वतःचा स्वीकार करणे म्हणजे स्वतःला बरे म्हणवून घेणे नव्हे, हे या टप्प्यावर दादांना आणि वहिनींना दोघांनाही सांगावे लागले. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ज्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा पाया घातला आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी जी रुजवली, तिच्यात विनाअट आत्मस्वीकाराला मध्यवर्ती स्थान आहे. कृतीचे मूल्यमापन खुशाल करा, कठोर करा, पण त्यावरून सबंध माणसाला गुण देऊ नका, असा तिचा आग्रह आहे. दादांनी यावर बराच विचार केला आणि एका भेटीत विचारले की, माणूस आणि त्याची करणी वेगळी कशी काढायची, करणी करणारा तोच तर असतो. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी दिले नाही. त्यांच्याच आठवणीतून ते निघाले.

वडिलांविषयी बोलताना त्यांना लहानपणचा एक प्रसंग आठवला. जमीन जायच्या आधीची गोष्ट. खाडीच्या कडेला खारे पाणी अडवणारा मातीचा बांध असे आणि त्याची राखण शेतकऱ्यांनी आपापसांत वाटून घेतलेली असे. खेकडे बांधात बिळे करतात. एखादे बीळ वेळेवर चिखलाने बुजवले नाही, तर उधाणाच्या भरतीला पाणी तेथूनच शिरते आणि बघता बघता बांध फुटतो. त्या वर्षी दादांच्या वडिलांच्या वाट्याचा तुकडा फुटला. बीळ त्यांनी पाहिले होते, उद्या बुजवू म्हणून ठेवले होते. शेजारच्या चार शेतांत खारे पाणी भरले, आणि एकदा खार चढली की पुढचे दोन-तीन पावसाळे ती धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. गावाने त्यांना तोंडावर बोल लावले. दादा सांगत होते, ‘‘बापानी कोणाला उलटून उत्तर दिलं नाय. ओहोटी लागली तसा कमरेएवढ्या चिखलात उतरला. मग बोलणारे पण उतरले. रात्री सगळे आमच्याच ओटीवर जेवले. बाप पण जेवला.’’

‘‘बाप पण जेवला’’ हे शब्द त्यांनी सहज उच्चारले होते. मी त्यांना ते पुन्हा म्हणायला सांगितले. वडिलांनी त्या रात्री जेवायला नको होते का, असे विचारले. दादा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या मनातल्या वडिलांना चूक ठाऊक नव्हती. ते जासईला गेलेले, लाठ्या झेललेले होते, आणि त्यांच्यासमोर मुलगा कायमचा आरोपी होता. आठवणीतल्या वडिलांनी मात्र स्वतःच्या हलगर्जीने चार घरांचे नुकसान केले होते, ते तोंडाने मानले होते, चिखलात उतरून निस्तरले होते आणि त्याच रात्री ताट वाढून घेतले होते.

आशीर्वादाचा प्रश्न

साखरपुडा जवळ आला होता आणि दादांचा आक्षेप कायम होता. आशीर्वाद द्यायला पुण्याई लागते, ती आपल्यापाशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी विचारले, वडिलांनी तुम्हाला आशीर्वाद दिला होता का? दिला होता, लग्नात दिला होता. बांध फुटला त्याच्या आधी की नंतर? नंतर. मग तो लागला नाही का?

हा प्रश्न चतुराईचा नव्हता. वडीलधाऱ्याच्या आशीर्वादामागे त्याच्या निष्कलंक चारित्र्याचा दाखला जोडावा लागत नाही, आणि वाकणाऱ्यानेही तो कमावलेला नसतो. तो मोबदल्याशिवाय दिला जातो आणि मान झुकवून घेतला जातो. दादांनी स्व-क्षमा ही शिक्षा भोगून संपल्यावर मिळणारी सुटका मानली होती, आणि शिक्षेची मुदत ठरवणारेही तेच असल्याने ती संपण्याचा प्रश्नच नव्हता. मला त्यांना हे सांगायचे होते की स्वतःला क्षमा करणे हे सुटकेपेक्षा आशीर्वादाच्या अधिक जवळचे आहे : ते आधी स्वीकारावे लागते आणि त्याच्या बळावर पुढचे अवघड काम करावे लागते. आपल्याकडे कोणत्याही पूजेच्या शेवटी क्षमापन असते. आवाहन नीट झाले नाही, मंत्र चुकले, भक्ती कमी पडली, असे मोकळेपणाने म्हणायचे आणि मग तीर्थप्रसाद घ्यायचा. उणीव कबूल केली म्हणून कोणी पूजा मोडत नाही आणि प्रसाद नाकारत नाही. दादांच्या घरी गणपती येतो. दरवर्षी ते हे करतात आणि प्रसाद घेतात.

वहिनींना येथे एक शंका आली आणि ती त्यांनी आडपडदा न ठेवता विचारली : स्वतःला माफ केले की माणूस सैल पडेल, मग बहिणींचे काय? अशा प्रकरणांत हा धोका असतोच. जबाबदारी न घेता उरकलेली स्व-क्षमा ही नुसती सबब असते, आणि तिने दुखावलेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. म्हणूनच मॅरिलिन कॉर्निश आणि नॅथॅनिएल वेड यांनी 2015 मध्ये समुपदेशकांसाठी जी मांडणी केली, तिच्यात जबाबदारी, पश्चात्ताप आणि भरपाई यांच्यानंतर नव्या सुरुवातीचा टप्पा येतो. पण खरी स्व-क्षमा माणसाला सैल करते हा समज तपासून पाहिला गेला आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांची पुढच्या परीक्षेच्या वेळची चालढकल कमी झाली होती. परीक्षेची चालढकल आणि बहिणीची फसवणूक यांत मोठे अंतर आहे हे मान्य. तरीही कारण तेच दिसते. स्वतःविषयीची घृणा कमी झाली की ज्या गोष्टीने ती घृणा जागी होते, तिच्याकडे माणूस पाहू शकतो.

साखरपुड्याला दादा पाटावर बसले. त्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही; खरे काम त्यानंतरचे होते.

थोरलीकडे

जाण्याआधी त्यांनी एक कागद लिहिला. त्याचे तीन खर्डे झाले. पहिल्या खर्ड्यात ‘पण’ हा शब्द जागोजागी होता : पण त्या वेळी पैशाची नड होती, पण मलाही फसवले गेले. दुसऱ्यात ते ‘पण’ निघाले, मात्र स्वतःला दिलेल्या शिव्या आल्या. मी त्यांना विचारले की बहिणीने हे वाचून काय करावे अशी अपेक्षा आहे. त्यांच्या लगेच ध्यानात आले की शिव्या वाचून ती त्यांचेच सांत्वन करत बसेल. तिसऱ्या खर्ड्यात चार वाक्ये उरली. खोली देतो म्हणालो तेव्हा विक्री ठरत आली होती. हे मला माहीत होते. तुझ्या सहीवर आलेल्या पैशातला एक रुपयाही तुला दिला नाही. नंतर तोंड चुकवले. शेजारी मी एवढेच लिहायला सुचवले की माफी मिळाली नाही तर काय कराल, याचे उत्तर जाण्याआधी मनाशी नक्की करा. हे महत्त्वाचे होते, कारण बहिणीची क्षमा ही तिच्या मर्जीची गोष्ट आहे आणि तिच्यावर दादांच्या आत्मस्वीकाराचा भार टाकणे म्हणजे तिच्याकडून आणखी एक हक्कसोड मागण्यासारखे झाले असते.

थोरलीने माफ केले नाही. कागद वाचून झाल्यावर तिने विचारले, ‘‘एवढी वर्षं भाऊबीजेला आला नाहीस तो यासाठी?’’ आणि मग तिचा राग बाहेर पडला. मुलीच्या डिप्लोमाची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा तिने मंगळसूत्रातले मणी मोडले होते, आणि त्याच दिवसांत भावाच्या दारात नवी गाडी उभी असल्याचे तिला कोणीतरी येऊन सांगितले होते. हे दादांना माहीत नव्हते. तिने विक्रीच्या कराराची प्रत मागितली, आकडा विचारला आणि तो कळल्यावर आत जाऊन बसली. धाकटीने फोनवर पहिल्याच वाक्याला फोन ठेवला.

पुढच्या भेटीत दादा काय अवस्थेत येतात याची मला काळजी होती. ते थकलेले होते, पण मोडलेले नव्हते. ‘‘ती बोलली त्यात खोटं काय नाय,’’ असे म्हणाले, आणि बहिणीच्या बोलण्यातले कोणते वाक्य सर्वांत लागले ते त्यांनी नीट सांगितले. पूर्वीचे दादा असते तर त्या रागातून त्यांनी ‘मी नालायक’ याचा आणखी एक पुरावा उचलला असता आणि विषय तेथेच संपवला असता. आता त्यांना त्यातून भाचीच्या फीची माहिती मिळाली होती आणि तिचे काय करायचे याचा ते विचार करत होते. त्या आठवड्यात त्यांनी गुडघ्याची तपासणीही करून घेतली. हे त्यांनी जाता जाता, दारात उभे राहून सांगितले.

वकिलांचा सल्ला घेतला तेव्हा कळले की नोंदणी झालेले हक्कसोड पत्र इतक्या वर्षांनी उलटवणे अवघड आहे. शिवाय त्या इमारतीत सदनिका घेतलेल्या लोकांचा यात काही दोष नाही. भरपाई दुसऱ्या मार्गाने करायची होती. दादांनी पगारातून दरमहा ठरावीक रक्कम थोरलीला देण्याचे मान्य केले. तिने ती स्वतःच्या नावे घ्यायला नकार दिला आणि मुलीच्या खात्यात भरायला सांगितले. रकमेच्या मानाने मूळ नुकसान फार मोठे आहे आणि हे देणे दादांच्या हयातीत फिटणार नाही, हे दोघांनीही एकमेकांना स्पष्ट सांगितले. त्या स्पष्टपणाला मी या प्रकरणातले मोठे यश मानते.

दुसरा प्रस्ताव दादांचा स्वतःचा होता आणि तो अधिक वादाचा ठरला. गावठाणातले राहते घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. त्याच्या कागदांवर दोन्ही बहिणींची नावे वारस म्हणून लावायची असे त्यांनी ठरवले. वहिनींनी दोन दिवस विचार करून होकार दिला. थोरल्या मुलाने दिला नाही. वडिलांनी स्वतःला माफ करायला आमचे छप्पर का वापरावे, असे तो म्हणाला, आणि त्याचा प्रश्न डावलता येण्यासारखा नाही, कारण भरपाई ज्याच्या खिशातून जाते त्याचे मत घ्यावेच लागते. बहिणींचा कायदेशीर वाटा आणि मुलाच्या घराची चिंता या दोन गोष्टी एकाच टेबलावर मांडण्यासाठी पुढच्या बैठकीला मुलाला बोलावले आहे, आणि येण्याचे त्याने कबूल केले आहे. औषधाचा डोस मानसोपचारतज्ज्ञांनी कमी केला असून सहाव्या प्रश्नाचे उत्तर आता ‘काही दिवस’ येथे आले आहे. धाकटी बहीण अजून फोन घेत नाही. दादांनी तिला तोच चार वाक्यांचा कागद टपालाने पाठवला आहे, पोचपावतीसह.